प्रिन्स ऑफ पर्शियाचा पुढचा गेम: आधी चूक करण्याची किंमत ठरवा

'सँड्स ऑफ टाइम' या 2003 च्या व्हिडिओ गेमचा रिमेक, म्हणजे नव्याने बांधलेली आवृत्ती, युबिसॉफ्ट कंपनीने 21 जानेवारी 2026 ला रद्द केली, आणि तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय. प्रिन्स ऑफ पर्शिया ही मालिका आता कुठे जायला हवी? 2डी चांगली जमली म्हणून तिकडेच राहावं, 'असॅसिन्स क्रीड'सारखं मोकळं जग उभारावं, की 2003 चाच गेम पुन्हा बनवायला घ्यावा?

माझं उत्तर आधी सांगतो. पुढचा मुख्य गेम 3डी असावा, पण ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगाचा, नसावा. तो बारा ते पंधरा तासांचा असावा, बंदिस्त वास्तूंमध्ये घडावा, आणि वेळ मागे फिरवण्याची सोय त्यात अगदी पहिल्या कच्च्या नमुन्यापासून (प्रोटोटाइप) असावी. 2डीची शाखा कमी खर्चात शेजारी चालू ठेवावी. जुन्या गेमचा रिमेक पुन्हा हातात घेऊ नये. या प्रत्येक मतामागे तांत्रिक कारणं आहेत, आणि चर्चेत नेमकी तीच मागे पडतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

या मालिकेत सुरुवातीपासून आजपर्यंत काय टिकलंय ते आधी पाहू. राजपुत्र कायम राहिलेला नाही. 2024 च्या 'द लॉस्ट क्राउन'चा नायक सारगॉन हा राजपुत्राला सोडवायला निघालेला योद्धा आहे. वेळ मागे फिरवणारी वाळू आली 2003 साली. 1989 मध्ये वेळ होती ती फक्त घड्याळाच्या रूपात. सगळ्या चांगल्या भागांत सापडणाऱ्या गोष्टी दोनच आहेत: वजन असलेलं शरीर, ज्याने एकदा उडी घेतली की मध्येच बेत बदलता येत नाही, आणि त्या उडीत चूक झाली तर मोजावी लागणारी ठरलेली किंमत.

जॉर्डन मेकनरने ॲपल 2 या संगणकासाठी केलेल्या पहिल्या गेममध्ये हे उघड दिसतं. एक पडदा म्हणजे दहा आडव्या आणि तीन उभ्या चौकटी, त्यापलीकडे काही नाही. एक मजला खाली पडलात तर काही होत नाही, दोन मजले पडलात तर एक जीव कमी, तीन मजले पडलात तर मृत्यू. डॉस आवृत्तीत हालचाल सेकंदाला साधारण 12 चित्रांची होती. त्यामुळे पळणारा राजपुत्र बटण सोडल्यावर जागच्या जागी थांबत नसे, दोन पावलं घसरून थांबे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळताना-उड्या मारताना व्हिडिओवर टिपून त्या चित्रांवरून आकृती रेखाटल्या होत्या. माणसाचं खरं वजन आलं ते त्यातून. चूक झाली की लेव्हल पुन्हा सुरू व्हायची, पण 60 मिनिटांचं घड्याळ मागे जायचं नाही. म्हणजे चुकीची किंमत मिनिटांत मोजली जायची, आणि म्हणूनच शिफ्ट दाबून कडेपर्यंत टाकलेल्या सावध पावलाला अर्थ होता. सावधपणा हवा तर वेळ खर्च करा, वेळ वाचवायचा तर धोका पत्करा. अख्खा गेम या सौद्यावर उभा आहे.

2003 मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओच्या टीमने किंमत बदलली. मिनिटांच्या जागी वाळू आली. खंजिरात वाळू आहे तोवर साधारण दहा सेकंदांपर्यंत मागे जाता येतं, वाळू संपली की मृत्यू खरा. किंमत आहे, पण ती खेळाडूच्या हातात आहे. 'वॉरियर विदिन'मध्ये, 2004 साली, पाठलाग करणाऱ्या दहाका या राक्षसामुळे हीच किंमत भीतीच्या रूपात आली. 2008 च्या गेममध्ये साथीदार एलिका प्रत्येक वेळी हात धरून राजपुत्राला शेवटच्या सुरक्षित कड्यावर आणून सोडते. हिशेबाने पाहिलं तर तो अतिशय जवळजवळ ठेवलेला चेकपॉइंटच (चुकल्यावर परत सुरू होण्याची जागा) आहे, त्यात वावगं काही नाही. पण खेळाडूला खर्च झाल्यासारखं काही दिसलं नाही, आणि 'या गेममध्ये मरताच येत नाही' ही तक्रार त्याला कायमची चिकटली. त्याची दृश्यं आजही सुंदर दिसतात. फक्त तराजूचं एक पारडं रिकामं राहिलं. 'लॉस्ट क्राउन'ने पुन्हा समतोल साधला. काट्यांवर पडलात तर थोडं आरोग्य जातं आणि जवळच्या जागेवरून पुन्हा सुरुवात होते, लढाईत मेलात तर थेट वाक-वाक झाडापाशी, म्हणजे खेळ जतन होण्याच्या जागी, परत. उड्यांची चूक स्वस्त, लढाईतली महाग. हा फरक विचारपूर्वक केलेला आहे.

म्हणून पुढच्या गेमची दिशा ठरवताना कथा, नायक, चित्रशैली हे सगळं बाजूला ठेवून पहिला प्रश्न असा हवा: या वेळी चुकीची किंमत कोणत्या चलनात? त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर काम सुरू करायची घाई करू नये.

आता ओपन वर्ल्डबद्दल. 2007 चा 'असॅसिन्स क्रीड' मुळात प्रिन्स ऑफ पर्शियाचाच पुढचा भाग म्हणून सुरू झाला होता. त्यात हालचाल मुद्दाम सैल केली गेली: बटण दाबून धरा, पात्र वाट शोधत धावतं. शहरभर हिंडायचं असेल तर तसंच करावं लागतं, कारण दोन हजार छपरांची प्रत्येक उडी हाताने मोजून बसवणं शक्य नसतं. प्रिन्सची मजा याच्या उलट टोकाला आहे. तिथे खोलीतला प्रत्येक खांब, प्रत्येक झुलती दांडी कुणीतरी सेंटिमीटरपर्यंत ठरवून ठेवलेली असते. मोकळं जग दिलं की एक तर उड्या आपोआप लागायला हव्यात, नाहीतर खेळाडू दर दहा पावलांवर अडकणार. दोन्हीत मालिकेचं नुकसान आहे.

याहून मोठी अडचण रिवाइंडची आहे. ती समजायला वेळ मागे फिरवणं प्रत्यक्षात कसं बांधतात ते पाहावं लागेल.

दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे खेळाडूने दाबलेली बटणं नोंदवायची आणि मागच्या एका स्थितीपासून सगळं पुन्हा चालवून हव्या क्षणापर्यंत यायचं. यात साठवण नगण्य लागते, पण गेम चालवणारं सगळं इंजिन प्रत्येक वेळी तंतोतंत तेच उत्तर देणारं हवं. भौतिकीचं गणित, यादृच्छिक आकडे, शत्रूंचे निर्णय यांत कुठेही केसभर फरक पडला तरी दोन सेकंदांत चित्र वेगळं होतं. 3डी ॲक्शन गेममध्ये हा मार्ग शहाणपणाचा नाही. दुसरा मार्ग म्हणजे ठरावीक अंतराने प्रत्येक वस्तूची स्थिती टिपून गोल बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक आकाराच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवायची. बफर भरला की सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहायची. मागे जाताना नोंदी उलट्या क्रमाने वाचायच्या.

हिशेब मांडू. स्थानासाठी तीन आकडे म्हणजे 12 बाइट, वळणासाठी चार आकडे म्हणजे 16 बाइट, आणि कोणतं ॲनिमेशन, ते कितव्या क्षणावर, आरोग्य, स्थितीचा क्रमांक यांसाठी आणखी 12 धरा. एकूण 40 बाइट. सेकंदाला 30 नोंदी, दहा सेकंद, म्हणजे 300 नोंदी. एका वस्तूला 12,000 बाइट, अशा 150 वस्तूंना सुमारे 1.8 एमबी. 2003 च्या प्लेस्टेशन 2 मध्ये मुख्य मेमरी होती 32 एमबी, तेव्हा हा आकडा बोचणारा होता. आज तो चिल्लर आहे. अगदी प्रत्येक शत्रूच्या 80 हाडांची वळणं वेगवेगळी साठवली तरी एका शत्रूला 384 केबी लागतात, वीस शत्रूंना पावणेआठ एमबीच्या आसपास.

म्हणजे आज मेमरी अडवत नाही. अडवतात त्या घटना. स्थिती मागे नेणं सोपं असतं, 'काहीतरी घडलं' हे मागे नेणं कठीण. कळ ओढली, दार उघडलं, आवाज वाजला, शत्रू जन्माला आला, संवादाची ओळ बोलून झाली, कामगिरीची नोंद झाली. यातली कोणती घटना उलटवायची, कोणती तशीच ठेवायची आणि कोणती पुन्हा घडू द्यायची नाही, याची यादी हाताने करावी लागते. काही नियम मात्र कायम लागू पडतात. मेलेला शत्रू किंवा फुटलेली वस्तू मेमरीतून काढू नका, फक्त अदृश्य करून ठेवा. तिची शेवटची नोंद बफरमधून बाहेर पडली की मगच ती खरोखर काढा. शत्रूंचे आतले टायमर घड्याळाच्या वेळेवर चालवू नका, गेमच्या नोंदलेल्या वेळेवर चालवा. नाहीतर रिवाइंडनंतर शत्रू एकदम दोन वार करतो. वाळूचा साठा रिवाइंडमधून वगळायलाच हवा, नाहीतर मागे गेल्यावर खर्च केलेली वाळूही परत येते आणि किंमत शून्य होते. पात्र एका जागेवरून दुसरीकडे क्षणात नेलं असेल तर त्या नोंदीवर खूण करा, कारण सेकंदाच्या 30 नोंदी 60 चित्रांत दाखवताना मधली स्थिती काढली जाते आणि खूण नसेल तर राजपुत्र भिंतीतून सरपटत जाताना दिसतो. कॅमेऱ्याची नोंदही ठेवावी लागते. ती नसेल तर राजपुत्र मागच्या खोलीत आणि कॅमेरा पुढच्या, मध्ये दगडी भिंत, अशी अवस्था होते.

आता हेच ओपन वर्ल्डमध्ये नेऊन पाहा. मोठं जग एकाच वेळी मेमरीत नसतं. खेळाडू पुढे सरकतो तसे मागचे तुकडे काढले जातात आणि पुढचे आणले जातात. घोड्यावरून किंवा दोरीवरून दहा सेकंदांत दीडशे मीटर अंतर सहज कापलं जातं. म्हणजे बफरमधल्या अर्ध्या नोंदी अशा वस्तूंच्या असतात, ज्या आता मेमरीतच नाहीत. उपाय आहेत: मागचे तुकडे दहा सेकंद धरून ठेवणं, किंवा रिवाइंड काही भागांतच चालू ठेवणं. पहिल्याने मेमरीचं सगळं नियोजन बदलतं, दुसऱ्याने मालिकेची मुख्य ताकद सवलतीसारखी कुठेकुठे वाटली जाते. बंदिस्त महाल, एकामागोमाग एक दालनं आणि त्यांना जोडणारे छोटे बोळ या रचनेत हा प्रश्नच उद्भवत नाही. बोळात शिरलं की मागचं दालन सोडायचं, पुढचं आणायचं, बफर रिकामा करायचा. खेळाडूला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण बोळात मरण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

3डी का, हा पुढचा मुद्दा. 'लॉस्ट क्राउन' आणि एव्हिल एम्पायरचा 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' (अर्धवट अवस्थेतली आवृत्ती मे 2024 मध्ये, पूर्ण आवृत्ती ऑगस्ट 2025 मध्ये) या दोघांनी 2डीत मालिकेची इज्जत राखली, यात शंका नाही. रोग प्रिन्समध्ये मागच्या भिंतीवरून धावता येतं. 2डीत भिंतीवरची धाव बसवायची ही मला आजवर दिसलेली सर्वांत नेटकी युक्ती आहे. पण 2डी साहसी गेमचं मैदान आता दाट आहे. 'सिल्कसाँग' सप्टेंबर 2025 मध्ये आला, त्याआधी-नंतर कित्येक छोट्या टीम तिथे उत्तम काम करताहेत. उलट एखाद्या दालनात उभं राहून वर बघायचं, वाट मनात जुळवायची आणि मग एका दमात ती पार करायची, असा 3डी अनुभव मोठ्या खर्चाच्या गेममध्ये आज क्वचित मिळतो. ती जागा या मालिकेची होती आणि अजून बरीचशी रिकामी आहे.

ती जागा घ्यायची तर हालचालीची मापं आधी ठरवावी लागतात आणि ठरल्यावर गोठवावी लागतात. भिंतीवरची धाव किती मीटर, धावत्या उडीत किती अंतर, कडा किती उंचीपर्यंत पकडता येतो. सुरुवातीला धाव 6 मीटर, धावती उडी 4, जागेवरून उडी 2, हात पोचण्याची उंची 2.5 मीटर असं धरून बघा. मग दालनं बांधताना कमाल मापाच्या 85 टक्क्यांपर्यंतच अंतर ठेवा. म्हणजे धाव 6 मीटर असेल तर फट 5 मीटरच्या थोडी पुढे. उरलेले 15 टक्के खेळाडूच्या किंचित उशिरासाठी असतात. ही मापं निम्मी दालनं बांधून झाल्यावर बदलली तर प्रत्येक फट, प्रत्येक खांब पुन्हा तपासावा लागतो. आणि ती बदलण्याचा मोह होतोच, कारण ॲनिमेशनवाल्यांना धाव अर्धा मीटर लांब केली की पाय जमिनीवर छान बसताना दिसतात. अशा वेळी ॲनिमेशन मापात बसवायचं, माप ॲनिमेशनसाठी हलवायचं नाही.

वजन आणि तत्परता यांतला ताण हा या मालिकेचा जुना दुखरा भाग आहे. 1989 चं घसरत थांबणं आजच्या खेळाडूला मंद वाटेल. वजन काढून टाकलं तर राजपुत्र रबरी बाहुला होतो. यातून वाट अशी निघते: बटणाला प्रतिसाद लगेच द्या, वजन शेवटाला दाखवा. उडीची सुरुवात 3-4 फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) झालीच पाहिजे, पण उतरल्यावर गुडघे वाकणं, तोल सावरणं याला 12-15 फ्रेम द्यायला हरकत नाही, आणि त्यातल्याही पहिल्या पाचनंतर दुसरी उडी घेता यावी. कडा सुटल्यावर 100 मिलिसेकंदांपर्यंत उडी चालावी, आणि जमिनीला टेकण्याआधी 120-150 मिलिसेकंद दाबलेलं बटण लक्षात ठेवलं जावं. भिंतीकडे धावताना कोन 30 अंशांहून कमी असेल तर आडवी धाव, 60 हून जास्त असेल तर उभी चढाई. मधल्या पट्ट्यात कॅमेरा कुठे बघतोय आणि पुढे पकडण्यासारखं काय आहे त्यावरून निर्णय घ्यावा. 3डीत 'मी तर तिकडे जात होतो, हा भलतीकडेच चढला' अशा बहुतेक तक्रारी याच मधल्या पट्ट्यातून येतात. तिथे एकच ठाम नियम ठेवून चालत नाही.

कॅमेऱ्याबाबत 2003 चा गेम आजही शिकण्यासारखा आहे. नव्या दालनात शिरलं की कॅमेरा एक फेरी मारून वाट दाखवायचा. एक बटण दाबलं की दूरचं, स्थिर दृश्य मिळायचं. वाळूच्या भोवऱ्यापाशी खेळ जतन करताना पुढे काय करायचंय त्याची धावती झलक दिसायची, म्हणजे मदत कथेच्या आतूनच यायची. हल्ली पकडायच्या प्रत्येक कड्याला पांढरा किंवा पिवळा रंग फासतात. त्यामागचं कारण खरं आहे, कारण आजच्या तपशीलवार दगडी भिंतीत कोणता कोपरा पकडता येतो ते ओळखू येत नाही. पण या मालिकेकडे रंगापेक्षा चांगला उपाय आधीपासून आहे. भविष्याची झलक खेळाडूने मागितल्यावर द्या आणि तिलाही वाळू लावा. मग मदत घेणं हासुद्धा सौदा होतो. 'लॉस्ट क्राउन'ने नकाशावर दृश्याचा फोटो टाचून ठेवण्याची सोय देऊन याच विचाराची एक छान बाजू दाखवली. त्यातले मार्गदर्शित आणि मुक्त असे दोन शोध-प्रकार आणि अवघड उड्या टाळण्याची सोय हे सगळं पुढच्या गेममध्ये जसंच्या तसं यायला हवं.

लढाई ही मालिकेच्या 3डी भागांची कच्ची बाजू. 2003 मध्ये पाडलेल्या शत्रूला खंजीर खुपसून वाळू शोषली नाही तर तो उठून बसायचा. ही कल्पना चांगली होती, पण शत्रूंच्या लाटा इतक्या लांबत की तिचा काच व्हायचा. साथीदार फराहला सांभाळत लढायची लिफ्टमधली लढाई जुने खेळाडू अजून विसरलेले नाहीत. पुढच्या गेममध्ये लढाया कमी असाव्यात, एका वेळी चारपेक्षा जास्त शत्रू नसावेत, आणि लढाईची जागा म्हणजे उड्यांचंच दालन असावं. भिंत, खांब आणि उंची हीच शस्त्रं. 'लॉस्ट क्राउन'मधली वार परतवण्याची खूण मात्र जरूर घ्यावी: शत्रू पिवळा चमकला तर परतवा आणि मोठी संधी मिळवा, लाल चमकला तर बाजूला व्हा. दोन रंगांत सगळं स्पष्ट होतं. रिवाइंड लढाईत चालू ठेवायचं की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते चालू ठेवावं, पण दुप्पट वाळू लावावी. बंद केलं तर खेळाडूला एकाच गेममध्ये दोन वेगळे नियम लक्षात ठेवावे लागतात.

आता रिमेककडे येतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना त्याबद्दल वेगळी आस्था असणं स्वाभाविक आहे. सप्टेंबर 2020 मध्ये तो जाहीर झाला तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. जानेवारी 2021 ची तारीख दिली होती, ती पुढे ढकलली गेली, मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे गेलं, आणि शेवटी तो रद्दच झाला. पहिला ट्रेलर आल्यावर टीका झाली ती चेहऱ्यांवर आणि प्रकाशयोजनेवर. त्यावरून पुण्या-मुंबईतल्या लोकांच्या कुवतीबद्दल जे बोललं गेलं ते अन्यायकारक होतं. पुढची जवळपास चार वर्षं मोठ्या, अनुभवी स्टुडिओकडे काम असूनही तो बाहेर आला नाही, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

असा रिमेक मुळातच दिसतो त्याहून कठीण असतो. जुन्या गेममध्ये कॅमेऱ्याचा कोन, उडीची लांबी, दालनाचं माप हे तिन्ही एकमेकांना बांधलेले असतात. पात्र नव्या इंजिनात नव्या हाडांवर आणलं की खांद्याची रुंदी, पावलाची लांबी, वळायला लागणारा वेळ सगळं थोडं थोडं बदलतं. मग एक तर नव्या शरीराला जुन्या मापात कोंबा, जे आजच्या तपशिलात कृत्रिम दिसतं, किंवा प्रत्येक दालन नव्याने मोजा, म्हणजे लेव्हल-डिझाइनचा सगळा खर्च नव्या गेमइतकाच. वर खेळाडूची आठवण मूळ गेमपेक्षा सुंदर असते, आणि स्पर्धा तिच्याशी करावी लागते. एवढा खर्च करायचाच असेल तर नवी दालनं, नवी किंमत, नवी गोष्ट का नको? मूळ गेम जपायचा असेल तर त्याचा वेगळा आणि स्वस्त मार्ग आहे: आजच्या पडद्यांच्या मापात, आजच्या कंट्रोलरवर, 60 फ्रेमवर नीट चालणारी मूळ गेमची आवृत्ती. मेकनरने ॲपल 2 चा मूळ सोर्स कोड 2012 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि पहिला गेम अभ्यासकांच्या हाती सुखरूप राहिला. 2003 चा गेमही तेवढ्याच काळजीने राखायला हवा.

शिकणाऱ्यांनी तो कोड वाचावाच. त्यातल्या छायापुरुषाची जन्मकथा मला फार मोलाची वाटते. ॲपल 2 च्या तुटपुंज्या मेमरीत नव्या शत्रूच्या आकृत्या ठेवायला जागाच उरली नव्हती. मग राजपुत्राचंच चित्र एका बिंदूने सरकवून स्वतःवरच उलट-सुलट गणिताने चढवलं गेलं, आणि लखलखती बाह्यरेषा असलेला प्रतिस्पर्धी जवळजवळ फुकट मिळाला. आरशातून निघालेला स्वतःचाच शत्रू ही मालिकेतली सर्वांत गाजलेली कल्पना अशी जागेच्या टंचाईतून आली.

त्याच कल्पनेत पुढच्या गेमचं चलनही मला दिसतं. रिवाइंड करून टाकून दिलेले दहा सेकंद वाया न घालवता त्या दालनात छाया म्हणून राहू द्यावेत. बफरमध्ये नोंदी आहेतच, त्या पुसण्याऐवजी वेगळ्या पात्रावर चालवायच्या. तुम्ही पडून मेलात, मागे आलात, आता तुमची ती चुकलेली धाव छायेच्या रूपात समोर चालते. ती जिथे कळीवर पाय ठेवते तिथे दार खरंच उघडतं. पण प्रत्येक छाया वाळूचा एक साठा अडवून ठेवते, आणि दालनात तीन छाया झाल्या की चौथं रिवाइंड मिळत नाही. अशी चूक कामालाही येते आणि महागही पडते. 'लॉस्ट क्राउन'मध्ये छाया मागे ठेवून तिच्या जागी परत उडी घेण्याची शक्ती होती, तिचं हे पुढचं पाऊल ठरेल. यात बिघडणारी मुख्य गोष्ट आधीच माहीत असावी: छायेच्या वाटेत तुम्ही खांब हलवला तर ती हवेत धावेल. म्हणून छायेला जगाशी फक्त कळी आणि दारं यांपुरताच संबंध द्यावा, धक्काबुक्कीचा देऊ नये.

कथेबद्दल थोडंच. पर्शियाची पार्श्वभूमी पोशाखापुरती राहू नये. 'लॉस्ट क्राउन'ने पुराणकथांतला काफ पर्वत, सीमुर्ग हा पक्षी, फारसीत बोलणारी पात्रं आणि मेंट्रिक्स या इराणी संगीतकाराचं संगीत आणून दाखवलं की तपशील खरा असला की जगही खरं वाटतं. 2003 ची गोष्ट सुरू होते ती भारतातल्या एका महाराजाच्या महालावरील स्वारीने, आणि फराह त्याच महाराजाची मुलगी. तो महाल तेव्हा घाईत मागे पडला. पर्शिया आणि हिंदुस्थान यांच्या दरबारांतली देवाणघेवाण हा नव्या भागासाठी समृद्ध विषय आहे, फक्त दोन्ही बाजूंचे जाणकार लेखनापासून सोबत हवेत. शेवटी संवाद तपासायला बोलावून भागत नाही.

2डीच्या शाखेसाठी माझा आग्रह एवढाच की ती तोडू नये. 'लॉस्ट क्राउन' युनिटी इंजिनवर आहे, निन्टेंडो स्विचसकट सगळीकडे 60 फ्रेमवर चालतो, एप्रिल 2025 पासून मोबाइलवरही आहे. समीक्षकांनी वाखाणलेल्या या गेमची टीम काही महिन्यांतच इतर प्रकल्पांवर पांगली. हालचालीचे असे बारकावे कागदावर उतरत नाहीत. ते करणाऱ्यांच्या हातात असतात आणि टीमबरोबरच जातात. निदान पंधरा-वीस जणांचा गाभा एकत्र ठेवून दर दोन-तीन वर्षांनी एक छोटा गेम काढणं खर्चाच्या मानाने परवडणारं आहे.

आणि मुख्य 3डी गेमची सुरुवात कुठून? राखाडी ठोकळ्यांची पाच दालनं: एक फक्त धावण्याचं, एक उंचीचं, एक फिरत्या पात्यांचं, एक चार शत्रूंचं, एक छायांचं. पात्र म्हणजे साधी कॅप्सूल (गोलसर टोकांचा ठोकळा) चालेल, पण रिवाइंड पहिल्या आठवड्यापासून चालू हवं, कारण ते नंतर बसवायचं म्हटलं की प्रत्येक कळ, प्रत्येक शत्रू पुन्हा लिहावा लागतो. मग गेम कधीच न पाहिलेल्या दहा-बारा जणांना खेळायला द्या आणि दर दालनामागे रिवाइंड मोजा. कुणी शून्य वेळा वापरत असेल तर दालन सोपं आहे. पाचापेक्षा जास्त वेळा लागत असेल तर बहुधा वाट दिसत नाहीये, बोटं चुकत नाहीयेत, तेव्हा आधी कॅमेरा तपासा आणि मग अंतरं. दोन ते चार हा आकडा पाचही दालनांत स्थिर होईपर्यंत राजपुत्राचा चेहरा, कपडे आणि महालाची नक्षी यांच्या कामाला हात लावू नये.